प्रश्नोत्तरे : नांगर थांबवला, तरी माती का वाहते?

प्रश्न : चार एकर उताराची काळी जमीन आहे. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा. दोन वर्षे नांगरणी पूर्ण बंद आहे, तरी जोराच्या पावसात धुऱ्यावरून (बांधावरून) गढूळ पाणी जाते आणि ओघळी पडतात. चूक कुठे होते आहे? (एक वाचक, रिसोड)

उत्तर : नांगर थांबला, पण जमीन उघडीच राहिली. सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) मळणी यंत्राजवळ एका ढिगात पडते, तिथून गोठ्यात जाते नाहीतर पेटवले जाते. हरभरा तर मुळासकट उपटतात. मग जूनमध्ये रानात उरते काय?

पावसाचा मोठा थेंब सेकंदाला 8-9 मीटर वेगाने आदळतो. मातीच्या कणी फुटतात, बारीक गाळ छिद्रांत बसतो आणि वर पापुद्रा धरतो. भेगा मिटेपर्यंत काळी जमीन पाणी पिते, त्यानंतर या पापुद्र्यावरून ते घसरतच जाते. नांगरलेल्या रानातली ढेकळे निदान थोडा वेळ तरी पाणी अडवतात. उघड्या, न नांगरलेल्या रानात तेही नाही. म्हणून आधी आच्छादन, मग नांगराला सुट्टी.

आच्छादन अंदाजाने ठरवू नका. 10 मीटरच्या दोरीवर दर 10 सेंटिमीटरला शाईची खूण करा. पेरणी आटोपल्यावर ती पेरणीच्या ओळींना तिरकी टाका आणि 100 पैकी किती खुणांच्या बरोबर खाली काडी आहे ते मोजा. शेजारी पडलेली काडी धरायची नाही. पाच ठिकाणची सरासरी 30 च्या वर हवी.

केवळ सोयाबीनच्या कुटारावर हा आकडा गाठणे अवघड, कारण ते लवकर कुजते. हरभरा उपटू नका, विळ्याने कापा. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घ्या; तुराट्यांचे तुकडे जूनपर्यंत टिकतात. जनावरांना कुटार लागणारच, तेव्हा निम्मे तरी रानात सारखे पसरा.

आता ओघळी. नांगरणी नसली की जुनी ओघळ बुजत नाही, दरवर्षी पाणी तीच वाट धरते. म्हणून एकदा त्या बुजवून रान सारखे करा, पेरणी उताराला आडवी करा आणि पीक महिन्याचे झाले की डवऱ्याला (कोळप्याला) दोरी गुंडाळून ठरावीक ओळींनंतर सरी काढा.

प्रश्न : मातीतला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातला कार्बन) 0.42 टक्क्यांचा 0.45 टक्के झाला. दोन वर्षांत एवढाच? (एक वाचक, परतूर)

उत्तर : हा फरक नमुना घेण्यातल्या चुकीतही बसतो, तेव्हा खूश होऊ नका, नाराजही होऊ नका. हिशेब पाहा. एकरात 15 सेंटिमीटर थराची माती साधारण 8 लाख किलो भरते. 0.1 टक्का वाढ म्हणजे 800 किलो कर्ब. काडीत कर्ब 40 टक्क्यांच्या आसपास, त्यातलाही बहुतेक हवेत जातो. सातवा हिस्सा टिकला असे धरले तरी 13-14 टन काडी लागते.

शिवाय नांगरणी नसताना कर्ब वरच्या 5 सेंटिमीटरमध्ये साचतो. 15-20 सेंटिमीटरच्या खड्ड्यातली माती एकत्र केली की तो पातळ होतो. 0-5 आणि 5-15 असे वेगळे नमुने, दरवर्षी त्याच जागी, खत टाकण्याआधी मे महिन्यात घ्या.

घरच्या घरी पाहायचे तर वाळलेले सुपारीएवढे ढेकूळ चहाच्या गाळणीत ठेवून पाण्यात अलगद बुडवा. दुसरे बांधावरच्या गवताखालचे घ्या. रानातले पाच मिनिटांत विरघळून खाली गाळ बसला, तर कणी अजून धरलेली नाही.

प्रश्न : पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) बारीक करून रानातच पसरली तर? (एक वाचक, आर्वी)

उत्तर : बोंडअळी नसेल तर खुशाल. असेल तर किडकी, न उमललेली बोंडे आधी वेचून नष्ट करा. फरदड (हंगाम संपल्यावरही लांबवलेले कपाशीचे पीक) न घेता, शेवटच्या वेचणीनंतर लगेच पऱ्हाटी बारीक करा. प्रादुर्भाव जास्त असेल तर तो भुगा कंपोस्टच्या ढिगात घाला. धुऱ्यावर रचून ठेवलेली अख्खी पऱ्हाटी मात्र सर्वांत वाईट : अळीही सुरक्षित, रानही उघडे.