लूप प्रिव्ह्यूला भारी वाटतो आणि गाण्यात टाकला की बेकार, असं का होतं? योग्य लूप पटकन कसा शोधायचा?

नवीन असाल तर आधी सांगतो, लूप म्हणजे आधीच वाजवून ठेवलेला, परतपरत फिरणारा वाद्याचा तुकडा, आणि प्रिव्ह्यू म्हणजे तो गाण्यात टाकायच्या आधी ऐकून बघणं. प्रश्न वाचला आणि थेट 2017 चे गणपती आठवले, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

तेव्हा मी आणि माझा एक पार्टनर सांगलीत एका खोलीत स्टुडिओ चालवायचो. स्टुडिओ म्हणजे भिंतीला अंड्याचे ट्रे, एक माइक आणि लॅपटॉपवर एबलटन लाइव्ह हे गाणी बनवायचं सॉफ्टवेअर. एका मंडळाचं गाणं आलं, आठ दिवसांत पाहिजे. चाल मी बांधली, स्केल काळी दोन, टेम्पो 92 बीपीएम म्हणजे मिनिटाला 92 ठोके, कारण गाणारी मुलगी तिथंच खुलायची. ओळखीतले एक ढोलकीवाले मामा होते पण ते तीन हजार घेणार, म्हणून पार्टनर म्हणाला कशाला, माझ्याकडे चाळीस जीबी लूप पडलेत. झालं. रात्री दहाला बसलो ते तीन वाजेपर्यंत हा पठ्ठ्या लाइव्हच्या ब्राउझरमध्ये, म्हणजे लूपच्या यादीत, खालचा बाण दाबतोय, दोन सेकंद ऐकतोय, पुढचा, परत पुढचा. शेवटी एक लूप लागला आणि हा खुर्चीतून उठलाच, हाच पायजे!

मी म्हणलं अरे सुरात काहीतरी खटकतंय. तर म्हणे, "ढोलकीला कसला सूर बघतोस, रिदम आहे रिदम." आणि मी गप्प बसलो, ते अजून डाचतं.

दुसऱ्या दिवशी पोरगी गायला आली. दर टेकला मुखड्यातच सूर वर सरकतोय. सात टेक झाले. पार्टनर तिला तोंडावर म्हणाला रियाज कमी पडतोय, ती रडायची बाकी होती. संध्याकाळी मामा सहज चहाला आलेले, त्यांनी ऐकलं, पेटीवर पांढरी तीन, म्हणजे काळी दोनच्या अर्धा सूर वरची, दाबली आणि ढोलकीच्या पानाबद्दल, म्हणजे चामड्याबद्दल, म्हणाले, "पान हितं लागलंय की. पोरीनं काळी दोन धरायची कशी?" दहा सेकंदात निकाल. वर जाताजाता, "आणि वाजवणाऱ्याला हिव भरलंय काय? थाप थरथरतीय सगळी."

आता थाप का थरथरत होती ते ऐका. लूपच्या नावातच 128 लिहिलेलं होतं. लाइव्हचा ब्राउझर प्रिव्ह्यू तुमच्या गाण्याच्या टेम्पोला ताणून वाजवतो, म्हणजे 128 चा माल आम्ही 92 ला ऐकत होतो, आणि इतकं ताणलं की दोन थापांमधली मोकळी जागा सॉफ्टवेअर थापेचीच शेपटी मागंपुढं वाजवून भरतं. रात्री तीनला लॅपटॉपच्या स्पीकरवर ते कुणाला कळणार! प्रिव्ह्यूच्या शेजारी 'रॉ' नावाचं बटण असतं, ते चालू केलं की लूप मूळ वेगात वाजतो. एकदा तसा ऐकायचाच. माझा हिशोब, दहाबारा बीपीएमपेक्षा जास्त ताणायला लागत असेल तर सोडून द्या, कितीही आवडला तरी.

सुराचं त्याहून वाईट. लॉजिक या ॲपलच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ओ' दाबून लूप ब्राउझर उघडला की सिंथ, गिटार वगैरे गाण्याच्या 'की'मध्ये, म्हणजे स्केलमध्ये, वाजवून दाखवतो, छान सोय आहे. पण ड्रमच्या लूपला ही 'की' लिहिलेलीच नसते, आणि ढोलकी, तबला सगळं त्याच ड्रमच्या खात्यात टाकतात, त्यामुळे ते जसंच्या तसं वाजतं. रिहानाच्या 2007 च्या 'अंब्रेला'तला ड्रम म्हणजे गॅरेजबँड या ॲपलच्या ॲपमध्ये सगळ्यांना मिळणारा 'व्हिंटेज फंक किट 03' आहे, त्यामुळे लूप लावणारे चोर असलं मला कुणी सांगू नका. पण तो ड्रमसेट आहे. ढोलकीचं पान सुराला चढवतात हो, बारीकशा गल्लीतल्या भजनी मंडळातसुद्धा पेटी घेऊनच लावतात.

म्हणून प्रिव्ह्यू करताना गाणं चालू ठेवा, निदान पेटीचा किंवा कीबोर्डचा एक सा तरी धरून ठेवा. आणि प्रिव्ह्यूचा आवाज कमी करा, लाइव्हमध्ये मास्टर ट्रॅकवरचं (नव्या लाइव्हमध्ये त्याला 'मेन' म्हणतात) क्यू व्हॉल्यूमचं नॉब त्यासाठीच आहे. लूप विकणारे लेव्हल पार छताला लावून देतात आणि मोठ्यानं वाजणारं आपल्याला चांगलंच वाटतं. अर्ध्या सुराचा फरक असेल तर क्लिपमध्ये ट्रान्सपोज, म्हणजे सूर वरखाली करायची सोय, एकनं खाली घेऊन जमतं, आम्हीपण नंतर तेच करून बघितलं, पण ताणल्याची थरथर काय जाईना. शेवटी मामांनाच बोलावलं. तीन हजार, अर्ध्या तासात वाजवून मोकळे.

पटकन शोधायचं म्हणाल तर टेम्पो, स्केल आणि ठेका आधी ठरवा मगच ब्राउझर उघडा. गाणं सुचावं म्हणून लूप ऐकत बसणं हा टाइमपास आहे, पार्टनरचं आयुष्य त्यातच चाललंय. आवडलेले फेव्हरिटमध्ये टाकत जा, बाकी पॅक डिलीट मारा.

हां, हे सगळं आपल्या चामड्याच्या वाद्यांबद्दल. ईडीएम म्हणजे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत, किंवा हिपहॉप करत असाल तर यातलं निम्मं सोडून द्या, तिथं ताणलेला आवाज मुद्दाम लावतात. एफएल स्टुडिओ हे दुसरं सॉफ्टवेअर मी फारसं वापरत नाही, तिथली बटणं दुसऱ्या कुणाला विचारा.

आणि पार्टनर, तू इथं वाचत असतोस माहितीय मला. ती फाइल माझ्याकडे अजून आहे. ट्यूनर लावून बघितलंय, पांढरी तीनच आहे. त्या पोरीला एक फोन कर.