आमच्या एरियाला कसला आलाय इतिहास? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात मुंबईच्या उपनगरांतली स्थानिक इतिहास मंडळं काय काय करतात, म्हणजे जुन्या रहिवाशांच्या मुलाखती, फोटो स्कॅन करणं, रविवारच्या फेऱ्या वगैरे, यावर एक छोटा लेख होता आणि शेवटी 'प्रश्न असतील तर पाठवा' असं लिहिलं होतं. भरपूर आले. सगळे घेता येणार नाहीत, आणि दोन-तीन जणांनी तर 'आमच्या घराण्याची वंशावळ शोधून द्या' असं कळवलंय, ते काही या कॉलमचं काम नाही, सॉरी.

प्रश्न (भांडुप): आम्हा पाच-सहा जणांना मंडळ काढायचंय, पण इथे किल्ला नाही, लेणी नाहीत, जुनं देऊळसुद्धा नाही. सगळ्या बिल्डिंगी साठ-सत्तरच्या दशकातल्या. मग आम्ही करायचं काय? आणि रजिस्ट्रेशन लागतं का?

वेगवेगळ्या शब्दांत हाच प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय. किल्ला नाही म्हणजे इतिहास नाही हे आधी डोक्यातून काढा. शेतं, वाड्या, गावठाणं होती तिथे एवढी माणसं राहायला कशी आली हाच तुमचा विषय, आणि तो काही लहान नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली हे आपण शाळेत पाठ केलंय, पश्चिमेला विरारहून बॅकबेला पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ ची, पण गाडी आली म्हणून लगेच वस्ती आली असं झालं नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि त्यानंतर मोकळी हवा, कमी गर्दी याचं महत्त्व लोकांना पटायला लागलं. १ ऑक्टोबर १९२० ला मुंबई उपनगर जिल्हा झाला. १९५० मध्ये महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि तुमच्या बाजूला भांडुपपर्यंत सरकली, दहिसर आणि मुलुंड आत यायला १९५७ चा फेब्रुवारी उजाडला. म्हणजे तुमच्या शेजारचं मुलुंड तुमच्यानंतर सात वर्षांनी मुंबईत आलं! त्या सात वर्षांत इकडे नळ होता आणि तिकडे विहीर होती का, घरपट्टी कोण कुठे भरायचं, हे सांगणारी माणसं अजून आहेत, पण किती दिवस असतील सांगता येत नाही, त्यामुळे किल्ला शोधण्यापेक्षा यांना शोधा.

सुरुवातीला एक काम सांगतो, त्याला पैसे लागत नाहीत. सोसायटीच्या गेटवर किंवा जिन्याखाली जो बोर्ड असतो ना, त्यावर रजिस्ट्रेशन नंबर असतो, 'बीओएम/एचएसजी' मग आकडा आणि पुढे 'सन १९६८' असं काहीतरी. कोणी वाचत नाही तो. वही घेऊन गल्लीगल्लीतून फिरा, नाव-नंबर-साल उतरवून घ्या आणि घरी येऊन नकाशावर दशकाप्रमाणे वेगवेगळ्या रंगाचे ठिपके द्या, स्टेशनपासून वस्ती कोणत्या दिशेने आणि कधी पसरत गेली ते दिसायला लागतं. इमारत आधीची आणि सोसायटी नंतर झालेली असंही खूप ठिकाणी असतं, तेव्हा हे साल म्हणजे बांधकामाचं साल असं धरून बसू नका, कोणी जुने मेंबर भेटले तर विचारून घ्या. पण जे बोर्ड आज आहेत ते रिडेव्हलपमेंटनंतर नसणार, म्हणून हे काम पहिलं.

रजिस्ट्रेशनचं थोडक्यात: १८६० च्या सोसायटी कायद्याखाली किमान सात माणसं लागतात, आपल्याकडे त्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदणी होते, मग दरवर्षी हिशेब, ऑडिट, विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट, हे सगळं मागे लागतं. देणग्या घ्यायच्या नसतील तर माझ्या मते पहिली एक-दोन वर्षं नुसतं काम करा. लेटरहेड आधी आणि काम नंतर असं झालेली मंडळं बहुतेक अध्यक्ष कोण यावरच बंद पडतात.

प्रश्न (विलेपार्ले): आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीये, लवकरच खाली करायचीये. माळ्यावर सासऱ्यांच्या दोन ट्रंका आहेत, कागद आणि फोटो. काय ठेवू, काय रद्दीत देऊ? मंडळाला दिलं तर चालेल का?

ताई, आधी एक करा, रद्दीवाल्याला बोलावू नका. उपनगरातला इतिहास सध्या सगळ्यात जास्त कुठे जात असेल तर तो टेम्पोच्या मागे रद्दीच्या गठ्ठ्यात. लोक शेअर सर्टिफिकेट आणि ॲग्रीमेंट जपून नेतात, तेवढंच, बाकीचं जातं.

ट्रंक उघडलीत की लगेच सॉर्टिंगला बसू नका. वरून जसं आहे तसा मोबाइलवर फोटो काढा, मग एकेक गठ्ठा बाहेर, ज्या दोऱ्याने बांधलाय तो गठ्ठा एकत्रच ठेवा. सासऱ्यांनी कोणते कागद एकत्र बांधले होते ही पण माहितीच आहे. छापील पुस्तकं, वर्तमानपत्रं, दिवाळी अंक हे लायब्ररीत मिळतात, त्यात जीव अडकवू नका. जे दुसरीकडे कुठेच नसेल ते ठेवायचं: भाड्याच्या पावत्या, रेल्वेचे पास, रेशनकार्ड, लग्नाच्या पत्रिका, शाळेची प्रगतिपुस्तकं, घरखर्चाची वही, सोसायटीचं पहिलं मिनिट बुक, म्हणजे सभांच्या नोंदींची वही. मिनिट बुक मिळालं तर काय विचारता, पंपाचा खर्च, पाण्याची वेळ, कोणाच्या गॅलरीतून कोणावर पाणी सांडलं, सगळं सेक्रेटरीच्या अक्षरात तारखेनिशी. पार्ल्यात १९२१ पासूनची शाळा आणि १९२३ पासूनचा लोकमान्य सेवा संघ आहे, बिस्किटांचा कारखाना १९२९ चा, २०१६ मध्ये बंद झाला, तेव्हा साधी वर्गणीची पावती किंवा कारखान्यातल्या कामगाराचा पास असला तरी त्याला संदर्भ लागतो, फेकू नका.

फोटोंच्या मागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलने, बॉलपेनने नको, शाई पुढे उमटते. डावीकडून कोण कोण, अंदाजे साल, जागा. 'आम्ही सगळे' असं लिहू नका प्लीज, तीस वर्षांनी 'आम्ही' कोण हे कोणाला कळणार. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, चिकट पानांच्या अल्बममधून सहज सुटत असतील ते सोडवा, नाहीतर पानासकट स्कॅन करा, ओढू नका. स्कॅन ६०० डीपीआयला करा आणि मूळ फाइल तशीच ठेवून दुसऱ्या कॉपीवर काय ते उजळवणं वगैरे करा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो हा स्कॅन नाही, त्यात निम्मा तपशील मेलेला असतो.

मंडळाला जरूर द्या, पण कागदावर. काय दिलं, कोणी दिलं, कधी दिलं, परत घ्यायचंय की कायमचं, आणि छापायला परवानगी आहे की नाही. दोन प्रती, दोघांच्या सह्या. मंडळ म्हणालं 'अहो आपल्याच माणसांत कसला कागद' तर स्कॅन द्या आणि मूळ स्वतःकडे ठेवा. आणि घर खाली करायच्या आधी दाराची पाटी, जिना, पत्रपेट्या, मीटरचा बोर्ड, गॅलरीतून दिसणारा रस्ता याचे फोटो घ्या, हे सगळ्यांच्या लक्षात सामान गेल्यावर येतं.

प्रश्न (डोंबिवली): आजी ८६ वर्षांची आहे, खूप आठवतं तिला पण साल विचारलं की 'काय माहीत बाई' म्हणते. मग त्या रेकॉर्डिंगचा उपयोग काय?

खूप उपयोग. साल विचारूच नका. आजीला १९५७ आठवणार नाही पण नये पैसे आले तेव्हा दुकानदाराशी झालेली हुज्जत आठवेल. तुमच्याकडे घटनांची एक यादी असू दे: संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, नये पैसे (एप्रिल १९५७), ट्राम बंद झाली (मार्च १९६४), ६५ च्या लढाईतले ब्लॅकआउट, कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७, पहाटे), मुंबई दूरदर्शन (२ ऑक्टोबर १९७२), रेल्वेचा संप (मे १९७४), गिरणी संप (जानेवारी १९८२), २६ जुलै २००५. मग विचारायचं, 'भूकंप झाला तेव्हा या घरात होतात की आधीच्या? बाबा तेव्हा चालायला लागला होता का?' दोन-तीन खुंट्या मिळाल्या की बाकीचं आपोआप त्यावर टांगता येतं.

'तेव्हाचं जीवन कसं होतं' असले प्रश्न नकोत, त्याचं उत्तर 'फार छान होतं, माणसं प्रेमळ होती' हेच येतं. पाणी कुठून भरायचात? स्टेशनला जाताना वाटेत काय काय लागायचं? रात्रीची शेवटची गाडी चुकली तर? बाळंतपणाला कुठे गेलात? असं विचारा आणि मग गप्प बसा, ती थांबली तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. पंखा बंद, मोबाइल एअरप्लेन मोडवर, सुरुवातीला तारीख-जागा-दोघींची नावं बोलून घ्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल ती काहीतरी बोलणारच, बोलू दे, पण नंतर तिलाच विचारा यातलं काय बाहेर जाऊ द्यायचं. घरची आहे म्हणून परवानगी गृहीत धरू नका.

प्रश्न (दहिसर): गावठाणाजवळ एक दगड सापडलाय, वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि बाई, मधे झिजलेली अक्षरं. एक जण म्हणतो घासून पीठ लावलं की वाचता येईल.

त्या एका जणाला लांब ठेवा! वर्णनावरून गद्धेगाळ वाटतोय. शिलाहार राजांच्या काळात उत्तर कोकणात जमिनीचं दान दिलं की असा दगड उभा करायचे, दान मोडणाऱ्याला खालच्या चित्रातून शिवी दिलेली असते, बरीच घाणेरडी. तुमच्या जवळच एकसरला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक दगड, आहेत, त्यावर वल्ही मारणाऱ्या जहाजांची लढाई कोरलीये, अभ्यासक ती यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्या तेराव्या शतकातल्या लढाईशी जोडतात. तेव्हा तुमच्याकडे असा दगड निघणं अगदी शक्य आहे.

पीठ, हळद, खडू, तेल, तारेचा ब्रश काहीही नको. अंधार पडल्यावर जा आणि टॉर्च दगडाच्या अगदी बाजूने, जवळजवळ समांतर धरा, अक्षरांच्या खाचेत सावली पडते आणि दिवसा न दिसणारं दिसतं, वेगवेगळ्या बाजूंनी प्रकाश टाकून फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवून एक फोटो मापासाठी. दगड हलवायचा नाही, मंडळाच्या ऑफिसात तर अजिबात आणायचा नाही. जागा आणि फोटो राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला (सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज फोर्टमध्ये ऑफिस आहे) लेखी कळवा, पोच घ्या. जमीन खणताना नाणी वगैरे सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, किंमत दहा रुपयांच्या वर असली की झालं, कायदा तेव्हाचा आहे. दगडाला शेंदूर लावून लोक पूजा करत असतील तर त्यांच्याशी भांडू नका, उलट त्या पूजेमुळेच तो बऱ्याचदा वाचलेला असतो.

प्रश्न (ठाणे): घरात मोडी कागद आहेत. वाचून कुठे मिळतील? आणि आमच्या भागाबद्दल जुनी माहिती कुठे शोधायची?

पहिलं पुस्तक म्हणजे ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर, इंग्रज सरकारने काढलेला माहितीचा ग्रंथ, १८८२ चा, तेरावा आणि चौदावा खंड. चौदाव्यात गावागणिक नोंदी आहेत, ऑनलाइन फुकट मिळतं. फक्त ते साहेबाच्या सोयीने लिहिलंय हे लक्षात ठेवून वाचा. तुमच्याच गावात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथे आधी जा. सरकारी दप्तर बघायचं तर पुराभिलेख विभाग, फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, दप्तरखाना १८२१ पासूनचा. जाताना 'आमच्या गावाची माहिती द्या' असं म्हणत जाऊ नका, नेमका विषय आणि साधारण वर्षं लिहून न्या.

मोडीचे वर्ग तोच विभाग घेतो, मंडळातल्या दोघांनी शिकून घ्यावं, पैसे देऊन वाचून घेण्यापेक्षा ते टिकतं. मितीचं गणित: शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण माघ-फाल्गुनातली मिती असेल तर ७९, पौषात बघून ठरवावं लागतं. सुहूर सन (जुन्या मराठी दप्तरातली एक कालगणना) असेल तर ५९९ किंवा ६००, फसली (महसुलाचं साल) असेल तर ५९० च्या आसपास. कागदावर शक लिहिलाय की सुहूर हे न बघता आकडेमोड केली की बाजीरावाच्या हाती दुसऱ्याच कोणाचा वाडा जातो.

प्रश्न (जोगेश्वरी): स्मरणिका काढतोय. एका ज्येष्ठ सदस्यांचा आग्रह आहे की लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली असं छापा. नाही म्हटलं तर रागावतात.

छापा की. 'गावात अशी गोष्ट सांगतात, अमुक यांनी सांगितली' असं त्यांच्या नावानिशी एका चौकटीत छापा, तेही खूश. शेजारी लेणी कोणाची आणि कधीची यावरचा लेख असू दे. कान्हेरीचंच बघा, शंभरावर लेणी आणि तिथल्या ब्राह्मी लेखांमध्ये कल्याण-सोपाऱ्याच्या दानशूर मंडळींची नावं आहेत, एका रात्रीपेक्षा ही गोष्ट मला तरी जास्त भारी वाटते.

प्रश्न (बोरिवली): आमच्या फेरीला चाळीसेक लोक येतात, निम्मे सेल्फीत असतात. काय करावं?

पंधरा-वीस जणांवर नाव नोंदणी बंद करा, बाकीच्यांना पुढचा रविवार. फेरी दोन तासांच्या वर नको. त्याच भागातले एक-दोन जुने रहिवासी वाटेत त्यांच्या दारात बोलायला तयार ठेवा, गाइडने सगळं स्वतः बोलायची गरज नसते, आणि ते बोलतात तेव्हा एकाने रेकॉर्डिंग करायचं. माइक आणि स्पीकर नेऊ नका, गावठाणात माणसं राहतात आणि रविवारी सकाळी ती झोपलेली असतात.