रानपिंगळ्याच्या प्रस्तावाबद्दल

पुणे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

रानपिंगळा या छोट्या घुबडाच्या संवर्धनाचा तुझा प्रस्ताव वाचला. नकाशा देखणा झालाय, पण अभयारण्यांच्या हिरव्या रंगाबाहेर तू फारसं बघितलेलं दिसत नाही. अभयारण्य म्हणजे सुरक्षित, बाकीचं धोक्यात, म्हणून सातपुड्यात आणखी अभयारण्यं जाहीर करा, असा तुझा हिशोब. शुष्क पानगळीच्या जंगलात तो जुळत नाही.

तुझाच पक्षी घे. रानपिंगळा भारताबाहेर कुठेच नाही. १८८४ नंतर त्याची खरी नोंद नव्हती. १९१४ची एक होती, माइनर्टझहागन या ब्रिटिश लष्करी अधिकारी-पक्षीसंग्राहकाची, पण ती निघाली चोरलेल्या जुन्या नमुन्यावर नवी चिठ्ठी डकवून केलेली लबाडी. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ते ओळखलं, बनावट ठिकाण बाजूला ठेवलं, जुन्या खऱ्या ठिकाणांकडे मोर्चा वळवला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबारकडच्या शहाद्याजवळ पक्षी सापडला. तेव्हा तुझ्या तक्त्यात नोंद कुणी, कधी, कशावरून केली हा रकाना हवाच. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. फोटो नसेल तर नोंद कच्ची समज. आणि नोंद नाही म्हणून पक्षी नाही असंही लिहू नकोस; २०१४ मध्ये तो थेट तानसा अभयारण्यात दिसला, मुंबईच्या दाराशी!

आता प्राधान्याचं. या पक्ष्याला झाडात ढोली कोरता येत नाही. त्याला ती आयती लागते, साळई, मोई, रोहन असल्या झाडांतली. असं एखादं साळईचं झाड जवळ जाऊन बघ: सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटलेले, अर्धा शेंडा वाळलेला, फांदी मोडली तिथे कुजून झालेलं भोक. गावाच्या लेखी ते सरपण. तोडीसाठी मार्किंग होतं तेव्हा मेलेलं, वाकडं झाड आधी जातं. सागाला मान, साळईला कोण विचारतो? शिवाय खाली रान मोकळं हवं, कारण हा दिवसाउजेडी शिकार करतो, सरडे आणि उंदीर टिपतो. म्हणून किती चौरस किलोमीटर संरक्षित, यापेक्षा जंगलाच्या कोणत्या कक्षात ढोलीची किती झाडं उभी आहेत, हे मला आधी वाचायचंय. त्यासाठी प्रादेशिक वनविभागाची कार्य आयोजना मिळव. कंटाळवाणी असते, तरी वाच. कुठे तोड व्हायची, कुठे विरळणी, सगळं तिच्यात असतं.

अभयारण्यं नकोत असं मी म्हणत नाही. मेळघाट १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्पात आलं आणि वाघाच्या आडोशाने रानपिंगळ्याचंही भलं झालं. नंदुरबारकडे तो आडोसा नाही. तिथल्या भिल्ल-पावरा गावांना तू 'मानवी दबाव' या दोन शब्दांत गुंडाळलंस, ते मला खटकलं. २००६च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार आहे. ढोलीचं झाड तोडायचं नाही असं ग्रामसभेने ठरवलं, तर ते तुझ्या अधिसूचनेआधी अमलात येईल. सरकारी जमिनीवर स्थानिकांशी सल्लामसलत करून संवर्धन राखीव जाहीर करता येतं, वन्यजीव कायद्याचं कलम ३६-अ बघ. तोरणमाळात त्याचा वापर झालाय. तुझ्या प्रस्तावात त्याचा उल्लेखही नाही!

वृक्षारोपणाचं कलम मात्र सरळ काढ. वेताळ टेकडीवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, परदेशी झाड) लावून काय झालं ते तू रोज सकाळी बघतोस. खाली गवताला जागा उरत नाही. विरळ रान म्हणजे बिघडलेलं रान नव्हे, हे पुण्यात अजून पचत नाही. (वर्तमानपत्रातले 'एक कोटी झाडं'वाले मथळे तर विचारूच नकोस.)

सातपुड्याचं तिकीट काढण्याआधी एका रविवारी बारामतीकडच्या सुप्याला जा. मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे, चिंकारा मात्र हद्दीबाहेरच्या माळावर आणि शेतांतही चरतात. तिथल्या वनरक्षकाशी आणि मेंढपाळांशी निवांत बोल, फॉर्म भरून घेऊ नकोस.

मग दुसरा मसुदा पाठव. नकाशा एकच ठेव, आणि ढोलीच्या झाडांच्या मोजणीची पद्धत अर्ध्या पानात लिही. बजेटमध्ये गावातल्या दोन वाटाड्यांचं मानधन धर, तेही वर्षभराचं. ते नसेल तर मी शिफारसपत्र देणार नाही.

तुझा,
सर