टांझानियाला पहिल्यांदा जाताना

दहा दिवसांत सेरेंगेटी, किलिमांजारो आणि झांझिबार असे सगळेच बसवण्याचा तुमचा बेत आहे. माझा आग्रह असा की किलिमांजारो या खेपेस वगळावा आणि ते दिवस सेरेंगेटीला द्यावेत. महिना ठरवण्याआधी काय पाहायचे ते ठरवा. फेब्रुवारीच्या सुमारास विल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणवर्गीय प्राण्यांचे) कळप सेरेंगेटीच्या दक्षिणेकडील एनडुटू भागातील आखूड गवतावर वितात आणि नुकते जन्मलेले पिलू काही मिनिटांतच लटपटत्या पायांवर उभे राहून आईमागे धावू लागते. मारा नदी ओलांडणारे कळप पाहायचे असतील, तर मात्र जुलै ते सप्टेंबरदरम्यान उत्तरेकडे मुक्काम हवा. एप्रिल-मे हे मोठ्या पावसाचे महिने टाळावेत. न्गोरोंगोरो या जुन्या ज्वालामुखीच्या कुंडाच्या काठावर, सुमारे 2,300 मीटर उंचीवर, पहाटे चांगलीच थंडी असते, तेव्हा आफ्रिका म्हणून स्वेटर घरी ठेवू नका.

पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या, कारण भारतात परतताना तिचा दाखला मागितला जाऊ शकतो. प्लास्टिकच्या पिशव्यांवर तेथे 2019 पासून बंदी असल्याने खाऊ डब्यांतूनच न्यावा.

झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये एक सकाळ स्थानिक वाटाड्याबरोबर पायी फिरा आणि पितळी खिळे ठोकलेले कोरीव दरवाजे जवळून पाहा. काहींची घडण अरबी आहे, तर काहींवर गुजराती कारागिरीची छाप आहे. वडीलधाऱ्यांना स्वाहिलीत आदराने ‘शिकामो’ म्हणून अभिवादन करावे, ‘मराहाबा’ असे उत्तर येते. कोणाचेही छायाचित्र मात्र विचारल्याशिवाय काढू नका.