नागपुरात राहून कमर्शियल फोटोग्राफर म्हणून करिअर होतं का, की मुंबईला जावंच लागतं?

तू लिहिलंयस की वय तेवीस, चार वर्षं लग्नाचे फोटो काढून राहिला, आता प्रॉडक्ट आणि जाहिरातीच्या कामाकडे वळायचंय. मुंबई की नागपूर, कॅमेरा कोणता, आणि शेवटी सहज विचारावं तसं, "सुरुवातीला क्लायंटकडे कागद-करार मागितला तर तो पळतो असं सगळे म्हणतात, खरं का?" मी लिहायला बसलो ते या शेवटच्या ओळीमुळे.

आधी नागपूरचं सांगून टाकतो. होतं करिअर. मी सोळा वर्षं हेच करून राहिलो आणि घर त्याच्यावरच चालतं. बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीत मशीनपासून बिस्किटापर्यंत सगळं बनतं आणि त्या प्रत्येकाला कॅटलॉग लागतो. धंतोली-रामदासपेठेत हॉस्पिटलं आहेत, इतवारीत सराफ, गांधीबागेत कपडा, वर्धा रोडवर बिल्डर. रायपूर-जबलपूर पाच-सहा तासांवर, तिकडचीही कामं येतात. फॅशनच करायची असेल तर मात्र जा मुंबईला, कारण मॉडेल, स्टायलिस्ट, मेकअपवाले आणि मोठ्या एजन्सी तिकडेच आहेत, इथे बसून ते होत नाही. बाकी कामासाठी गाव सोडायची काही गरज नाही.

आता कागदाचं.

२०१३ चा मे महिना. मी आणि माझा तेव्हाचा पार्टनर, नंदनवनमध्ये वरच्या मजल्यावर एक खोली भाड्याने घेतलेली, वर टिनाचं छत. स्टीलचे डबे-टिफिन बनवणाऱ्या एकांकडून काम आलं, चोवीस वस्तू, एका फोटोचे चारशे रुपये, एकूण नऊ हजार सहाशे. सगळं फोनवर ठरलं. "कॅटलॉगला पाहिजेत" एवढंच ते बोलले आणि आम्ही हो म्हटलं.

स्टील ज्यांनी शूट केलंय त्यांनाच माहीत आहे. त्याला स्वतःचं रूप नसतं, समोर जे असेल ते दाखवतं. पहिल्या फ्रेममध्ये डब्यावर मी, ट्रायपॉड, खिडकी आणि दोरीवरचा टॉवेलसुद्धा होता. मग डब्याभोवती बटर पेपरचा गोल तंबू केला, लेन्सपुरतं भोक ठेवलं आणि दोन्ही लाइट बाहेरून मारले. तर डबा इतका पांढरा झाला की स्टील आहे की प्लास्टिक तेच कळेना. मग काळ्या कार्डशीटच्या इंचभर पट्ट्या कापून तंबूच्या आत दोन्ही बाजूंना उभ्या केल्या, तेव्हा कुठे कडेला ती बारीक काळी रेघ आली आणि डबा गोल दिसायला लागला. ती पट्टी अर्धा इंच सरकली की झाकणाचा उतार बिघडायचा. तीन कप्प्यांच्या टिफिनला तर प्रत्येक कप्प्याची रेघ वेगळी जुळवावी लागली, त्या एकट्या फोटोला अख्खा दिवस गेला. आणि कूलर बंद. कूलरच्या हवेने बटर पेपर हलतो, चकाकी हलते, मग डबा पुढून-मागून सगळा स्पष्ट यावा म्हणून फोकस बदलून घेतलेल्या फ्रेम नंतर जोडताना एकमेकींवर बसत नाहीत. बाहेर पंचेचाळीसच्या वर, आत टिन, हातात सुती मोजे कारण बोटाचा ठसा उमटला की पुन्हा पुसा. सहा दिवस लागले. फोटो सुंदर झाले होते, हे आजही सांगतो, तसे फोटो तेव्हा गावात कोणी काढत नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर मी गाडीवरून वर्धा रोडने चाललो होतो, अजनी चौकाच्या पुढे होर्डिंग दिसलं. आमचा तीन कप्प्यांचा टिफिन, वीस फूट उंच. झाकणावरची काळी रेघ मी लांबूनच ओळखली, ती माझ्या हाताने कापलेली पट्टी होती. नंतर तोच फोटो खोक्यावर दिसला, डीलरांना वाटायच्या कॅलेंडरवर दिसला. आणि आमचे अर्धे पैसे तेव्हा यायचेच होते!

मी मालकांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, काम आम्ही सांगितलं, पैसे आम्ही देऊन राहिलो, मग फोटो आमचाच ना." पार्टनर सोबत होता, बाहेर आल्यावर म्हणतो, सोड ना, पुढचं काम हातचं जाईल. मी सोडलं नाही. ओळखीतून सिव्हिल लाइन्समधल्या एका वकिलांना भेटलो, भांडायचं या तयारीने. त्यांनी कॉपीराइट कायदा १९५७ काढला आणि कलम १७ चा खंड (ब) मला दोनदा वाचून दाखवला. तू स्वतःहून फोटो काढलास तर पहिला मालक तू. पण कोणी मोबदला देऊन, सांगून काढून घेतला, तर उलट करार नसेल तेव्हा कॉपीराइटचा पहिला मालक तो काम सांगणारा. म्हणजे होर्डिंगवाले कायद्याने बरोबर होते. मी त्या खुर्चीत किती वेळ गप्प बसलो मला आठवत नाही.

यानंतरच आमचं खरं भांडण झालं. पार्टनर म्हणाला, पाहा, मी म्हणतच होतो, कायदाच त्यांच्या बाजूने आहे मग कागदाचा उपयोग काय, नागपुरात धंदा जबानीवर चालतो. मी म्हटलं, अरे "उलट करार नसेल तेव्हा" हे शब्द कशाला लिहिलेत तिथे? करार केला तर मालक आपण, कायद्यानेच ते दार उघडं ठेवलंय, आपणच त्यातून आत गेलो नाही. तेच कलम, त्याने एक अर्थ काढला, मी दुसरा. पुढचे सात-आठ महिने प्रत्येक कामावर हाच वाद, कोटेशनमध्ये मी फोटोच्या हक्कांच्या चार ओळी टाकायचो आणि तो क्लायंटला पाठवताना काढून टाकायचा. शेवटी वेगळे झालो, लाइट त्याने ठेवले, मॅक्रो लेन्स मी. तो आजही चारचौघांत सांगतो की मी भांडलो म्हणून तो क्लायंट गेला. तो क्लायंट गेलाच नव्हता, त्याच्याकडेच राहिला दोन वर्षं, आणि मग कोणी अडीचशेला फोटो देतो म्हटल्यावर तिकडे गेला. ज्याच्याशी सगळं नुसत्या रेटवर ठरलंय तो रेटवरच जाणार. तुझ्याजवळ ज्यांनी "क्लायंट पळतो" म्हटलं ना, त्यांना हे सांग.

कागद सुरू केल्यावर पहिल्या वर्षी माझे तीन जण गेले, हेही खरंच आहे. पण बुटीबोरीच्या एका कंपनीत मी घाबरत कागद पुढे केला तर तिथले पर्चेसचे साहेब म्हणाले, बरं झालं, कागदाशिवाय आमच्याकडे बिलच पास होत नाही. चांगलं पेमेंट करणारे लोक स्वतःच पीओ, म्हणजे कामाची लेखी ऑर्डर, देतात. फक्त तो पीओ वाच, मागच्या पानावर बारीक अक्षरात "सर्व हक्क कंपनीचे" असतं. ते मान्य असेल तर त्याचे पैसे लाव, नसेल तर खोडून बोल.

मी काय लिहितो ते सांगतो. कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील. क्लायंटला कॅटलॉग, वेबसाइट आणि सोशल मीडियासाठी दोन वर्षं वापरायची परवानगी. होर्डिंग, पॅकिंग, पेपरातली जाहिरात यांचा दर वेगळा. शूटच्या आधी दोघांच्या सह्या, नंतर नाही. मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नको, कारण हक्क लिहून दिले आणि मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर अख्खा भारत.

आणि उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, आजच कर, ते फुकट आहे, नंबर बिलावर छाप. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांच्या, कायद्याने लेखी करारातसुद्धा पेमेंटची मुदत पंचेचाळीस दिवसांच्या वर ठेवता येत नाही, करारच नसेल तर पंधरा दिवस, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. मी आजवर तक्रार एकदाच केली, बाकी वेळी बिलाखालची या नियमाची ओळ वाचूनच पैसे आले. त्या डब्यांच्या वेळी हा कायदा होता, आम्हालाच माहीत नव्हता.

हे सगळं प्रॉडक्टच्या कामाचं सांगून राहिलो, आणि मी वकील नाही, मोठं काम आलं तर एकदा वकिलाला दाखव, त्याची फी त्या कामातूनच निघते. कुठे नोकरीला लागलास तर हिशोब वेगळा, तिथे नोकरीत काढलेले फोटो साधारणपणे मालकाचेच. मोठ्या एजन्सी पूर्ण कॉपीराइट मागतात आणि तसे पैसेही देतात, त्यात काही चूक नाही. गल्लीतल्या मिठाईवाल्याला दोन पानी करार देऊ नको, कोटेशनच्या खाली चार ओळी आणि सही पुरते. माझा पार्टनरही वाईट माणूस नव्हता, त्याच्या घरी तेव्हा एकट्याची कमाई होती आणि काम जाण्याची भीती मला नव्हती तेवढी त्याला होती, हे मला फार उशिरा कळलं. तरीही त्या ओळी त्याने काढायला नको होत्या.

फुकट काम करू नको. पोर्टफोलिओ बनवायचाय तर घरातला पितळी तांब्या घे, इतवारीतून दोन डबे विकत आण आणि ते शूट कर, त्या फोटोंचा मालक तूच.

कॅमेऱ्याचं राहिलंच. लग्नासाठी जो वापरतोयस तोच चालेल, चोवीस मेगापिक्सेल खूप झाले. ॲमेझॉनच्या मेन फोटोला मागचं पांढरं अगदी शुद्ध, म्हणजे लाल-हिरवा-निळा तिन्ही आकडे २५५-२५५-२५५, लागतं आणि वस्तूने फ्रेमचा ८५ टक्के भाग भरायला पाहिजे, हे कुठल्याही बॉडीवर होतं. पैसे दोन बऱ्या स्ट्रोबवर, म्हणजे स्टुडिओच्या फ्लॅश लाइटवर, घाल, एक १०० एमएम मॅक्रो लेन्स, एक चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर, आणि बटर पेपरचा मोठा रोल. पहिलं कोटेशन लिहिशील तेव्हा क्लायंटचं नाव झाकून मला पाठव, मी वाचून देईन.