वाचकांचे प्रश्न : केळीचे कंद परगावी पाठवताना

प्रश्न : चोपडा तालुक्यात तापीकाठी आमची श्रीमंती जातीच्या केळीची बाग आहे. बऱ्हाणपूरकडील आमच्या व्याह्यांना कांदेबागासाठी (पावसाळ्यानंतरच्या केळी लागवडीसाठी) या बागेतील कंद हवे आहेत. पिले (झाडाच्या बुंध्याशी फुटणारे, कंदासह काढायचे कोंब) कशी काढावीत आणि गाडीत कशी भरावीत, म्हणजे ती वाटेत सडणार नाहीत?

उत्तर : सडण्याची चिंता रास्त आहे, पण पहार हाती घेण्यापूर्वी बाग ओळीओळीने पाहून घ्यावी. ज्या झाडाच्या पानांवर शिरांना समांतर पिवळे पट्टे दिसतात, त्याला हरण्या हा विषाणूजन्य रोग झालेला असतो, आणि हा विषाणू पिलातही उतरलेला असल्याने कंद कोणत्याही औषधात बुडवला तरी तो जात नाही. अशा झाडाचे एकही पील घेऊ नये. कंद कापल्यावर आत तांबूस-तपकिरी ठिपके आढळले, तर पनामा मर रोगाची शंका धरावी व त्या बागेतून बेणे पाठवूच नये; व्याह्यांना नकार देणे अवघड असले तरी, या रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षे टिकते.

पिले तलवारीसारख्या अरुंद पानांची, तीन ते चार महिन्यांची निवडावीत. रुंद पानांची पाणपिले दिसायला टवटवीत असतात, परंतु मातृझाडाशी त्यांची जोडणी कमकुवत असते व कंदही लहान राहतो. जमीन वाफशावर (ओलसर, पण चिखल नसलेली) असताना मातृझाडाच्या विरुद्ध बाजूने माती मोकळी करून, जोडाच्या ठिकाणी धारदार पहारीचा एकच घाव घालावा आणि उरलेला खड्डा लगेच मातीने बुजवावा. मुळ्या व चिकटलेली माती तासून काढावी, कारण सूत्रकृमी (मुळांना उपद्रव देणारे सूक्ष्म कृमी) मातीबरोबरच प्रवास करतात. सोंडकिडीची काळी भोके असलेले कंद बाजूला टाकावेत. कंदाचे वजन ४५० ते ७५० ग्रॅम असावे. लहानमोठे कंद एकत्र लावल्यास घड मागेपुढे येतात आणि व्यापाऱ्याला एका वेळी पूर्ण माल देता येत नाही.

कंद भरण्यापूर्वी सावलीत पसरून कापलेली बाजू कोरडी होऊ द्यावी. औषधाची प्रक्रिया इथे न करता व्याह्यांनी लागवडीच्या वेळी करावी, असे आमचे मत आहे, कारण ओले कंद बंद गाडीत तापले की कुजू लागतात. त्या वेळी त्यांनी १०० लीटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) व १५० ग्रॅम अ‍ॅसिफेट (कीटकनाशक) मिसळून त्यात कंद ३० ते ४० मिनिटे बुडवावेत, हातमोजे घालावेत. प्लास्टिकच्या पोत्यांऐवजी गोणपाटाची पोती वापरावीत, थर फार उंच रचू नयेत आणि शक्यतो रात्रीचा प्रवास ठरवावा. आपल्याकडे गाडीवर केळीची पाने झाकण्याची सवय आहे; ती टाळावी, नाहीतर पानांबरोबर करपा हा पानांचा रोगही पाठवला जाईल. माल पोहोचताच पोती सोडून कंद सावलीत मोकळे करावेत व लागवड लांबवू नये, हे व्याह्यांना आधीच कळवून ठेवावे.