मिक्स्ड-सिग्नल सिम्युलेशनमध्ये $फिनिशने नेमके कुठे थांबावे?

व्हेरिलॉग-एएमएस ही ॲनॉलॉग आणि डिजिटल भाग एकत्र असलेल्या (मिक्स्ड-सिग्नल) सर्किटचे वर्णन करण्याची भाषा आहे. तिच्या ॲनॉलॉग ब्लॉकमध्ये, म्हणजे व्होल्टेज आणि प्रवाहाची समीकरणे लिहिलेल्या भागात, $फिनिश या सिम्युलेशन संपवण्याच्या आज्ञेची ओळ आली की सिम्युलेटरने तत्क्षणी थांबायला हवे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर 'नाही' असे आहे, आणि त्याचे कारण ही समीकरणे सोडवणाऱ्या ॲनॉलॉग सॉल्व्हरच्या कामाच्या पद्धतीत आहे.

ॲनॉलॉग ब्लॉक एकाच क्षणासाठी अनेकदा चालतो. सॉल्व्हर न्यूटन-रॅफसन पद्धतीने व्होल्टेजचे अंदाज घेतो, समीकरणे जुळेपर्यंत फेरीमागून फेरी करत ते सुधारत राहतो, आणि ती जुळल्यावरही त्रुटी मर्यादेबाहेर आढळली तर तो काळाचा टप्पाच रद्द करून लहान टप्प्याने पुन्हा सुरुवात करतो. समजा, १.८ व्होल्टच्या रेग्युलेटरच्या चाचणीत 'आउटपुट २.१ व्होल्टच्या वर गेल्यास थांबा' अशी अट आहे. मधल्या एखाद्या फेरीत अंदाज ४ व्होल्ट येऊन पुढच्या फेऱ्यांत तो १.७९ वर स्थिरावणे अगदी शक्य आहे. त्या ४ व्होल्टवर भरवसा ठेवून सिम्युलेशन संपवले, तर सर्किटमध्ये जे कधी घडलेच नाही त्यासाठी निर्दोष डिझाइन नापास ठरते. म्हणूनच व्हेरिलॉग-एएमएसच्या मानकानुसार स्वीकारलेल्या फेरीतले $फिनिशच लागू होते, तेही त्या क्षणाची उकल पूर्ण झाल्यावर. नाकारलेल्या फेरीतले $फिनिश निष्प्रभ असते. शंका असल्यास त्याच अटीखाली $स्ट्रोब आणि $डीबग या छापण्याच्या दोन्ही आज्ञा लिहून पाहाव्यात: $डीबग प्रत्येक फेरीला छापते, $स्ट्रोब फक्त स्वीकारलेल्या उकलीला. गंभीर चूक कळवणारे $फेटल मात्र फेरी नाकारली जाणार आहे की नाही हे न पाहताच सिम्युलेशन संपवते, त्यामुळे व्होल्टेजच्या अटीमागे ते लिहू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

नुसत्या इफने (जर-तर विधानाने) अट तपासली, तर टप्पा मोठा असताना मर्यादा ओलांडल्याचे उशिरा कळते. मर्यादा ओलांडण्याचा क्षण टिपणारे क्रॉस वापरल्यास सॉल्व्हर ओलांडणीच्या लगत एक बिंदू घेतो. परंतु सुरुवातीच्या डीसी (काळ पुढे सरकण्याआधीच्या स्थिर) उकलीतच मर्यादा ओलांडलेली असेल, तर क्रॉसची घटना घडत नाही. तिथे सुरुवातीलाच ओलांडलेली मर्यादाही टिपणारे अबव्ह हवे.

डिजिटल बाजूने $फिनिश आल्यास प्रश्न अधिक नाजूक होतो. ॲनॉलॉगचा शेवटचा स्वीकारलेला बिंदू ४८० नॅनोसेकंदांवर आहे, सॉल्व्हर ५३० पर्यंत पुढे गेला आहे, आणि डिजिटल घटना ५०० वर $फिनिश बोलावते, असे धरू. माझ्या मते इथे ५३० ची उकल टाकून द्यावी, ५०० वर नव्याने उकल काढावी, ती वेव्हफॉर्ममध्ये नोंदवावी आणि मगच थांबावे. नाहीतर दोन्ही बाजूंचे आलेख वेगवेगळ्या वेळी संपतात आणि शेवटच्या क्षणाचे मोजमाप हाती लागत नाही. शेवटचा बिंदू कोणता हे अशा वेळी आधी ठाऊक नसते, म्हणून फायनल-स्टेपखालचा, म्हणजे शेवटच्या बिंदूवर चालायचा, मजकूर चालवण्यासाठी काळ पुढे न नेता त्याच उकलीवर ॲनॉलॉग ब्लॉक आणखी एकदा चालवणे मला योग्य वाटते. आपल्या सिम्युलेटरमध्ये हे होते का, ते फायनल-स्टेपमध्ये $ॲब्सटाइम (सिम्युलेशनमधली चालू वेळ) छापून लगेच पडताळता येईल.